ताण फुटतो कोणत्या वाटेने

मार्च २०१६ मध्ये लातूरचे जिल्हाधिकारी पांडुरंग पोले यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमान्वये एक मनाई हुकूम काढला. शहरातील पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याची ठिकाणे यांच्या आसपास पाचांहून अधिक माणसांनी जमू नये, असा त्याचा आशय होता आणि त्याची मुदत ३१ मेपर्यंत होती. जे कलम एरवी मिरवणुकीच्या मार्गावर, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी किंवा दोन जमातींत तेढ वाढली असता पुकारले जाई, ते येथे घागरी, हंडे आणि प्लास्टिकच्या डब्यांच्या रांगेवर पुकारले गेले. आणि या घटनेची देशभर चर्चा झाली ती तिच्यातील विलक्षणपणामुळेच. हुकमाच्या मुळाशी मानवी स्वभावाविषयीचा एक समज होता. माणूस एका मर्यादेपलीकडे ताणला गेला की तो कायदा मोडतो, आणि असे ताणलेले शंभर जण एका ठिकाणी आले की त्यांचा जमाव होतो, हा तो समज. प्रशासनाने सावध राहावे, यात गैर काही नाही. परंतु त्या उन्हाळ्यात लातुरात प्रत्यक्षात काय घडले हे पाहिले म्हणजे या समजाची परीक्षा नव्याने करावीशी वाटते.

धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराचे नळ बंद होते. आठवड्या-दहा दिवसांतून एकदा येणाऱ्या टँकरवर कुटुंबे दिवस काढीत होती. गल्लीच्या तोंडाशी रिकामी भांडी आदल्या रात्रीपासून नंबराला लागत. भांडे जिथे ठेवले तिथे त्या घराचा हक्क धरला जाई, आणि घरची माणसे आपापल्या कामाला गेली तरी तो हक्क शेजारीपाजारी सहसा राखीत. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली; पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या आणि एका खेपेस २५ लाख लिटरपर्यंत पाणी उतरू लागले. रांगांत बाचाबाची झाली, टँकरचालकांशी हुज्जत झाली, पाण्याचा काळाबाजारही झाला. तथापि ज्या दंग्याच्या भीतीने हुकूम निघाला होता तो दंगा काही पेटला नाही. ताण होता, अतोनात होता. पण त्याने ठरलेली वाट धरली नाही. तो मग कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट कोण आखून ठेवतो, याचा विचार मला या प्रकरणात करावयाचा आहे.

विपत्ती आणि गुन्हा यांचा संबंध आकड्यांनी तपासण्याचे जे आरंभीचे प्रयत्न झाले, त्यांत बव्हेरियातील गेओर्ग फोन मायर याचा १८६७ सालचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. राय नावाच्या धान्याचा भाव चढला की त्या प्रांतात चोऱ्यांची संख्या चढते आणि भाव उतरला की उतरते, हे त्याने वर्षानुवर्षांचे तक्ते मांडून दाखविले. पुढे त्याच प्रदेशाच्या जुन्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा एक वेगळीच गोष्ट उघडकीस आली: धान्य महागल्याच्या वर्षी चोऱ्या वाढत, परंतु मारामाऱ्या आणि हाणामाऱ्या कमी होत, कारण धान्याबरोबर बिअरही महागत असे आणि पिणे घटत असे. म्हणजे एकच संकट एका प्रकारचा गुन्हा वाढवी आणि दुसऱ्या प्रकारचा घटवी. दुष्काळ पडला की गुन्हे वाढतात असे सरसकट विधान करणाऱ्याने हा तपशील विसरता कामा नये.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९७ साली आत्महत्येवर लिहिलेल्या ग्रंथात या प्रश्नाला निराळे वळण दिले. दारिद्र्य हेच जर माणसाला मोडून टाकीत असते, तर अकस्मात आलेल्या भरभराटीच्या काळात आत्महत्या वाढल्या नसत्या. पण त्या वाढतात, असे त्याने दाखविले. माणसाच्या इच्छांना माप घालून देणारे समाजाचे नियम सैल झाले, काय मागावे आणि किती मागावे याचा धरबंध उरला नाही, म्हणजे जी अवस्था येते तिला त्याने प्रमाणकशून्यता म्हटले. चाळीस वर्षांनी, १९३८ साली, रॉबर्ट मर्टन या अमेरिकन अभ्यासकाने तीच कल्पना उचलून तिला अधिक टोकदार केले. समाज एका हाताने सर्वांपुढे एकच ध्येय ठेवतो आणि दुसऱ्या हाताने त्या ध्येयाकडे जाणारे सरळ मार्ग थोड्यांनाच खुले करतो. या दोहोंतील अंतर जितके मोठे, तितका ताण मोठा. या ताणाखाली बहुसंख्य लोक मुकाट्याने चालत राहतात, काही जण ध्येय सोडून केवळ रिवाज पाळीत बसतात, काही व्यसनात किंवा एकांतात निघून जातात, काही ध्येय कायम ठेवून मार्ग तेवढा आडवा शोधतात, आणि काही थोडे ध्येय व मार्ग दोन्ही नाकारून नवी व्यवस्थाच मागतात.

आडव्या मार्गाचे उदाहरण शोधण्यासाठी लातूरकराला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बारावीच्या निकालांत जे यश मिळविले, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि ते नाव पुष्कळ अंशी कष्टाने कमावलेले आहे. ज्या प्रदेशात निजामी राजवटीत हायस्कुलेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या प्रदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याची मुले डॉक्टर झाली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या यशाभोवती लातुरात आणि नांदेडातही खासगी शिकवण्यांची जी नगरी उभी राहिली, तिथे आज एकेका घराचे सर्वस्व पणाला लागलेले असते. जमिनीचा तुकडा विकून किंवा गहाण टाकून भरलेली फी, भाड्याची खोली, मेसचा डबा, आणि खोलीत एक सतरा वर्षांचा मुलगा, ज्याला ठाऊक आहे की आपल्या मागे परतीची वाट नाही. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. त्याच वर्षी जून महिन्यात पेपरफुटीच्या देशव्यापी प्रकरणाचा एक धागा लातुरात निघाला. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने चौकशी केली, लातुरात गुन्हा नोंदला गेला, दोन शिक्षकांवर गुण वाढवून देण्याच्या मिषाने पैसे उकळल्याचा आरोप आला आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोपींचे दोषित्व ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. माझे लक्ष त्या बाजूला आहे जिथे पैसे देण्यास तयार झालेला पालक उभा असतो. तो सराईत गुन्हेगार नव्हे. त्याने कदाचित आयुष्यात शेताचा बांधही कोरला नसेल. चोवीस जणांमागे एक जागा ठेवून चोविसांनाही तीच जागा म्हणजे जीवनाचे सार्थक असे शिकविणाऱ्या समाजाने त्याच्या हातून हे करविले, असे म्हणण्याने त्याचे कृत्य माफ होत नाही, पण समजते. आणि या ताणाचा फटका केवळ मुलांना आणि पालकांनाच बसतो असे नाही: जून २०१८ मध्ये लातुरात एका शिकवणी-चालकाचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा पोलिसांनी धंद्यातील स्पर्धेचे कारण सांगून त्याच क्षेत्रातील एका प्रतिस्पर्ध्यास अटक केली.

मर्टनच्या शेवटच्या प्रकाराचेही उदाहरण याच मातीतले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि सुमारे २१ लाख रुपयांची रक्कम लढ्यासाठी नेली. निजामाच्या कोतवालीच्या दप्तरी ही घटना दरोडा म्हणून पडली असणार. आपण तिचे स्मरण स्वातंत्र्यसंग्रामाचे पर्व म्हणून करतो. या रकमेचा पैन् पै हिशेब ठेवला गेला ही गोष्ट आमच्याकडे आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यामागे एक खोल जाणीव आहे: दरोडेखोर हिशेब ठेवीत नाही. निजामी मुलखाच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला तेव्हाही त्यांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा रक्त सांडले नाही. त्या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. ताण वरच्या दिशेने, म्हणजे ज्याच्याकडून तो आला त्याच्याच दिशेने, फुटल्याची ही उदाहरणे इतिहासाला ठळकपणे आठवतात. दुर्दैवाने ती विरळ आहेत.

येथे १९९२ सालच्या एका प्रतिपादनाची मदत होते. रॉबर्ट ॲग्न्यू याने मर्टनच्या सिद्धान्ताचा विस्तार करून असे मांडले की, ताण केवळ हुकलेल्या ध्येयातून येत नाही. जवळचे काही हिरावले जाण्यातून तो येतो, मग ते माणूस असो, जमीन असो की पत. आणि मारहाण, अपमान, तगादा यांसारख्या नकोशा गोष्टी रोज वाट्याला येण्यातूनही येतो. त्यातून संताप, भीती, खिन्नता उपजते, आणि गुन्हा हा ती भावना सुसह्य करण्याचा अनेकांपैकी एक उपाय ठरतो. तो ताण अन्यायाचा वाटला, मोठा असला, आवर घालणारी नाती दुबळी असली आणि गुन्ह्याची सोय जवळ असली, तर हा उपाय निवडला जाण्याचा संभव वाढतो. खिन्नता आत वळते, संताप बाहेर वळतो. परंतु बाहेर म्हणजे कोणावर? या प्रश्नाचे उत्तर मनाच्या अभ्यासातून पुरते मिळत नाही, कारण ते गावाच्या रचनेत दडलेले असते. पाण्याच्या दाबाने बांध जिथे कच्चा असतो तिथेच फुटतो. समाजाचे कच्चे ठिकाण कोणते, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

घरापासून आरंभ करू. शीतल सेखरी आणि ॲडम स्टोरीगार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ ते २००७ या काळातील भारतभरच्या जिल्ह्यांचे पर्जन्यमान आणि हुंडाबळींच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पाऊस नेहमीच्या चढउताराच्या एका मापाने घटला की हुंडाबळींची नोंद सुमारे ७.८ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. पाऊस पडला नाही हा सुनेचा अपराध नव्हे. परंतु तिचे माहेर हा दुष्काळात पैसा मागण्याचा एकमेव शिल्लक मार्ग ठरतो, आणि ती घरातली असूनही बाहेरची असते. मराठवाड्यात लग्नाचा खर्च आणि हुंडा हा शेतकऱ्याच्या कर्जाचा एक मोठा भाग असतो हे गावोगावी ठाऊक आहे. म्हणजे मुलीच्या बापावरचा ताण आणि सुनेवरचा छळ ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, आणि दोन्ही टोकांना बाईच बांधलेली आहे. मला या विषयातील सर्वांत असह्य गोष्ट हीच वाटते.

उसाच्या फडावर या साखळीचे दुसरे रूप दिसते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, मुखेड, कंधार, जळकोट या तालुक्यांतून, दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यामागे मुकादम उचल देतो, आणि ती उचल पावसाळ्यातच बी-बियाण्यात, दवाखान्यात किंवा लग्नात खर्चून गेलेली असते. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. मग एखादे कुटुंब रात्रीतून फड सोडते, आणि मुकादमाने स्वतः वाहतूकदाराकडून घेतलेली रक्कम अंगावर येते म्हणून तो माणसे पाठवून त्यांना धरून आणतो, बैल किंवा गाडी ओढून नेतो, प्रसंगी घरच्या एकाला डांबून ठेवतो. पोलीस ठाण्यात हा एकच व्यवहार एकीकडे फसवणूक म्हणून आणि दुसरीकडे बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा म्हणून नोंदला जातो, किंवा बहुधा नोंदलाच जात नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे. कारखाना मात्र या दोन्ही फिर्यादींत कोठेच नसतो, कारण त्याने कोयत्याशी करारच केलेला नसतो.

घर आणि फड यांच्यापुढे गाव येते. हॉव्हलंड आणि सीअर्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४० साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचे तक्ते मांडून असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, कापसाचा भाव उतरला की कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारण्याचे प्रकार वाढत. त्यांच्या गणितावर पुढे आक्षेप घेतले गेले आणि तो संबंध त्यांनी मानला तितका सरळ नाही असे दिसले. तरीही असा संताप कोणावर निघतो, हा प्रश्न उरतोच. कापूस हे आमच्याकडचेही पीक आहे, एका प्रसिद्ध संकरित वाणाला तर नांदेडचेच नाव आहे, आणि १९७८ च्या उन्हाळ्यानंतर या भागात जे झाले त्याचा विचार करताना तो प्रश्न टाळता येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, संसार उघड्यावर आले, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे यांची ऑगस्टमध्ये निर्घृण हत्या झाली.

या उद्रेकामागे ताण नव्हता असे कोणी म्हणणार नाही. चारच वर्षांपूर्वी, १९७४ साली, मराठवाड्याच्या मागासलेपणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी विकास आंदोलन केले होते. नोकऱ्या नाहीत, उद्योग नाहीत, रेल्वे अरुंद मापाची, ही त्यांची गाऱ्हाणी खरी होती. परंतु सचिवालयावर, नियोजनाच्या कागदांवर आणि आपल्याच पुढाऱ्यांवर रोखला जावा असा तो असंतोष चार वर्षांत गावकुसाबाहेरच्या वस्तीवर येऊन कोसळला, याचे कारण ताणाच्या तीव्रतेत सापडत नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकून आलेला, स्वच्छ कपड्यातला, जोहार न घालणारा दलित तरुण गावाला दिसू लागला होता, आणि स्वतःचे न झालेले भले त्याच्या थोड्याशा भल्यामुळे झाले नाही असे मानणे सोपे होते. तो जवळ होता, थोडा होता, आणि त्याच्यावर हात टाकण्यास शतकांची संमती होती. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले.

त्याहून जुनी आणि आमच्या बोलण्यात फारशी न येणारी घटना १९४८ च्या सप्टेंबरातील आहे. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या अत्याचारांनी हिंदू रयत हवालदिल झाली होती, हजारो कुटुंबे सीमेपलीकडच्या छावण्यांत गेली होती, आणि रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचाच वकील होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतर ज्यांनी अत्याचार केले होते त्यांच्याऐवजी जे मागे उरले होते त्या सामान्य मुसलमानांवर सूड घेतला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने वर्षअखेरीस दौरा करून जो अहवाल दिला तो अनेक दशके अप्रकाशित राहिला. त्यात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे आणि सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, ज्यात तेव्हा लातूर होते, आणि नांदेड ही नावे आहेत. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हाही भाग वाचला पाहिजे असे माझे मत आहे, कारण त्याच अहवालात एक नोंद अशी आहे की, हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांचे हिंदू जमावापासून रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही दिले. विणकरांनी रझाकारांचा काच काही कमी सोसला नव्हता. इतरांसारखाच तो त्यांच्याही वाट्याला आला होता. मात्र सूत एकाच बाजारातून घेणाऱ्या, मागावरची उमेदवारी एकत्र केलेल्या माणसाला परका मानणे त्यांना जमले नाही. हत्येची सोय त्यांच्यापुढे होती आणि संमतीही होती. आड आले ते रोजच्या कामाचे नाते.

आता लातूरच्या रांगेकडे पाहिले तर तिथे दंगा का झाला नाही याचे काही आकलन होते. तहान श्रीमंताला टँकर विकत घ्यावयास लावीत होती हे खरे, परंतु नळ सर्वांचाच बंद होता. दोषी म्हणून बोट दाखवावयाचे तर ते शेजाऱ्याकडे जाण्यासारखे नव्हते. आणि गाडी येते आहे, उद्याही येणार आहे, हे लोकांना दिसत होते. आपत्तीच्या वेळी माणसे सैरावैरा होतात आणि लुटालूट करतात, हा समज साधारणतः चुकीचा आहे, असे अमेरिकेत १९६३ साली स्थापन झालेल्या आपत्ती-संशोधन केंद्रातील क्वारँटेली आणि डाइन्स यांनी अनेक प्रसंगांच्या अभ्यासातून दाखविले होते. किल्लारीचा अनुभवही पुष्कळसा असाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतलेली गावे दगडमातीच्या जड माळवदांखाली गाडली गेली, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली. ढिगाऱ्यांतून पहिली माणसे काढली ती उरलेल्या गावकऱ्यांनी आणि शेजारच्या गावांनी, कोणताही हुकूम निघण्यापूर्वी.

भांडणे सुरू झाली ती नंतर, याद्या लागल्यावर. नुकसानीच्या मानाने गावांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली, बावन्न गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले, आणि नव्या घराचे क्षेत्रफळ जुन्या जमिनीच्या मानाने ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम खातेदाराला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. भूकंपाने एका रात्रीत जी समानता आणली होती ती सरकारी तक्त्याने मोजून परत काढून घेतली. पुनर्वसनाचे काम प्रचंड होते, ते झाले हे लहान कर्तृत्व नव्हे, आणि तरीही माझ्या मते हा एक तक्ता दुसऱ्या रीतीने आखता आला असता. सरळ रेषेत आखलेल्या, जुन्या गावाच्या कित्येक पट पसरलेल्या वसाहतींत बायकांची शेजारीण दूर गेली, आणि ज्या ओट्यावर रोजचे दुःख बोलले जाई तो ओटाच उरला नाही. कोतवाली दप्तरात न येणारा हा ताण मोजावयाचा कसा, हे कोणी ठरविलेले नाही.

१९७२ च्या दुष्काळाची तुलना येथे उद्बोधक आहे. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे महाराष्ट्रभर सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. बागायतदाराची सूनही खडी फोडावयास आली असे जुनी माणसे सांगतात. काम कष्टाचे होते, मजुरी थोडी होती, पण हजेरीपटावर नाव असणे म्हणजे आपण कोणाचे उपकृत नाही याची ग्वाही होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप आले. अपमान वजा झाला की ताणातून संताप उपजण्याचे प्रमाण घटते, हे ॲग्न्यूने लिहिण्यापूर्वी वीस वर्षे इथे आजमावले गेले होते.

राहिली ती आत वळणारी वाट. २०१५ या एका वर्षात मराठवाड्यात हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी जीवन संपविले. अशा प्रत्येक मृत्यूनंतर तलाठी पंचनामा करतो, सातबारा, बँकेचा थकबाकीचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा अहवाल एकत्र करून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि तिथे ते पात्र किंवा अपात्र ठरते. पात्र ठरल्यास वारसांना एक लाख रुपये मिळतात, त्यांतील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. सातबारा ज्याच्या नावे नाही, ज्याने बटाईने जमीन केली, ज्याचे कर्ज खासगी सावकाराचे आणि बिनकागदी, त्याचा ताण या नमुन्यात बसविणे कठीण असते. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव तर सातबाऱ्यावर क्वचितच आढळते. बचावलेल्याची स्थिती पूर्वी याहून विपरीत होती: भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली तो आरोपी होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने हे बदलले. अशा माणसावर तीव्र ताण होता असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य समजावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या फौजदारी न्यायाच्या इतिहासात ताणाला असा स्पष्ट अधिकृत दर्जा मिळण्याचा हा प्रसंग फार मोलाचा आहे.

जो दुसऱ्याचे घेतो किंवा दुसऱ्याला मारतो, त्याच्यासाठी असे गृहीतक धरता येणार नाही आणि धरूही नये. ज्याच्यावर ताण फुटला त्याचा न्याय मग कोण करील? तथापि फिर्यादीच्या कागदावर काय घडले हेच येते, त्यापूर्वीची पाच वर्षे येत नाहीत. ती येण्याची एक जागा कायद्याने १९५८ सालीच करून ठेवली आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियमान्वये न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याकडून आरोपीच्या घराचा, धंद्याचा, संगतीचा आणि परिस्थितीचा अहवाल मागवू शकते, आणि एकवीस वर्षांखालील अपराध्याला, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, तुरुंगात पाठविण्यापूर्वी असा अहवाल विचारात घेणे अपेक्षित आहे. उचल बुडवून पळालेला कोयत्यावरचा पोरगा, गोदावरीच्या पात्रातून रात्री वाळूचे ट्रॅक्टर भरणारा मजूर, शिकवणीच्या खोलीतून मोबाइल चोरणारा मुलगा, यांच्या घरी जाऊन कोणी तरी विचारावयाचे असते की, पाऊस कधीपासून नाही, देणे कोणाचे आहे, शाळा कितवीत सुटली, घरात मारहाण कोणाला होते. प्रत्येक जिल्ह्यात या कामाला पुरेशी माणसे नेमली, त्यांना हिंडण्यास वेळ आणि वाहन दिले, तर नांदेड आणि लातूर येथील न्यायाधीशांच्या मेजावर असा एकेक कागद शिक्षेपूर्वी येऊन पडेल, आणि ते कागद दहा वर्षे जपून ठेवले तर या प्रदेशात ताण कोणत्या तालुक्यातून, कोणत्या महिन्यात, कोणाच्या घरावर उतरतो याचा पहिला विश्वसनीय तक्ता आपल्या हाती असेल.